भावंडांना एकत्र शिकू द्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार तालुक्यातील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. सिंदफणेच्या काठचा, बालाघाटच्या डोंगररांगांना लागून असलेला हा मुलूख अवर्षणाचा आहे. बाजरी, तूर आणि कापूस यांच्या बळावर वर्षाचे बारा महिने निघत नाहीत. म्हणून नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात, दोघे मिळून एक ‘कोयता’ होतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ती जोडी परतते मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे त्या काळात निघून गेलेले असते.

या जोडीबरोबर जाणाऱ्या मुलांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एक साधी गोष्ट धोरण ठरविणाऱ्यांच्या ध्यानात अद्याप पुरतेपणी आलेली दिसत नाही. फडावर मूल एकटे जात नाही, भावंडे जातात. अकरा वर्षांची थोरली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांचे तान्हे असे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. शासनाच्या दप्तरी ही तीन वेगळी प्रकरणे आहेत : एक पाचवीच्या पटावर, दुसरे दुसरीच्या पटावर आणि तिसरे शिक्षण खात्याच्या हिशेबातच नाही. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र ती एकच बाब आहे. आई पहाटे फडात उतरली की तान्ह्याला कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर थोरली मुलगी हे असते. तान्हे आईपासून दूर राहू शकत नाही म्हणून थोरली जाते आणि थोरली जाते म्हणून मधलाही जातो. तिघांची शाळा सुटते ती एकाच कारणाने. आणि शासन मात्र तीन खात्यांत तीन उपाय शोधत बसते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईतील काही सुशिक्षित कुटुंबांत गेल्या काही वर्षांत गृहशिक्षणाचा प्रयोग चालू आहे. शाळेच्या स्पर्धेला आणि घोकंपट्टीला कंटाळलेले पालक मुलांना घरीच शिकवितात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा शिक्षणाला स्पष्ट मान्यता दिलेली नाही आणि त्याबद्दल पालकाला शिक्षाही ठेवलेली नाही; राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा मार्ग या मुलांना खुला असतो. या घरांत वेगवेगळ्या वयाची भावंडे एकाच टेबलाभोवती बसतात. तिथे अवलंबिली जाणारी पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. विषय सगळ्यांना एकच घेतला जातो. पाऊस म्हणा, नदी म्हणा, गावाचा इतिहास म्हणा. धाकट्याने त्याचे चित्र काढावे, मधल्याने चार ओळी लिहाव्यात, थोरल्याने नकाशा करावा. वाचन आणि गणित ही कौशल्ये मात्र ज्याची त्याला त्याच्या पायरीप्रमाणे दिली जातात. थोरला धाकट्याला समजावून सांगतो आणि सांगता सांगता त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते.

या पद्धतीचे शैक्षणिक गुण कोणी नाकारू नयेत. पण तिच्यामागचे अर्थशास्त्रही पाहिले पाहिजे. या घरात एका पालकाची मिळकत पुरेशी असते, म्हणून दुसऱ्याचा वेळ मोकळा असतो. घरात पुस्तके असतात, जागा असते. जो वेळ शिकविण्यात खर्च होतो त्याची किंमत ते कुटुंब देऊ शकते. शिरूर कासारच्या कोयत्याला ती मुभा नाही, कारण दोघांचे श्रम धरूनच उचल घेतलेली असते. एक पात्र बसले की कोयता अर्धा होतो. थोडक्यात, भावंडे एकत्र आहेत ती दोन्हीकडे. एकीकडे अभ्यासक्रमासह, दुसरीकडे अभ्यासक्रमावाचून. एकीकडे ती निवड आहे, दुसरीकडे ती सक्ती आहे. समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने प्रश्न विचारायचा तो इथे : जी पद्धत सुखवस्तू घरातील भावंडांना हितकर ठरते, ती कोपीतल्या भावंडांना सार्वजनिक खर्चाने का मिळू नये?

कोपीवर शिकवायला विषय नाहीत असे कोणी म्हणू नये. ऊस हाच तिथला सामाईक अभ्यासक्रम होऊ शकतो. सहा वर्षांच्या मुलाने मोळ्या मोजाव्यात. आठ वर्षांच्या मुलाने दिवसाच्या खेपांची बेरीज मांडावी. अकरा वर्षांच्या मुलीने उचलीचा हिशेब करावा. समजा, तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये आहे, जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते आणि उचल एक लाख रुपयांची आहे; तर ती फिटायला किती टन तोडावे लागतील? सुमारे २७३ टन; म्हणजे एकही खाडा न होता जवळजवळ १३७ दिवस. ज्या मुलीला हे गणित सुटते तिला आपला बाप पुढच्या वर्षी पुन्हा का जाणार हेही कळते. मुकादमाच्या वहीवर ज्यांना अंगठा उठवावा लागतो त्यांच्या घरात हिशेब तपासणारे एक माणूस तयार होणे, ही गोष्ट शाळेच्या कोणत्याही गुणपत्रिकेहून मोठी आहे.

वेगवेगळ्या वयाच्या मुलांनी एकत्र शिकणे ही काही परकी कल्पना नाही. आपल्याकडच्या जुन्या पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासेकडे वडील मुलांनी धाकट्यांना शिकविण्याची हीच रीत पाहिली व ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडात नेली. मात्र त्या शाळेचे गोडवे गाताना तिचा उंबरठा कोणासाठी बंद होता हे विसरून चालणार नाही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्या ओसरीवर नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी रयतेच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, अशी जी तक्रार मांडली ती याच उंबरठ्याविषयी होती. पद्धत जुनी घ्यावी, पण उंबरठा काढून टाकावा.

ते काम महाराष्ट्रात एका ठिकाणी करून दाखविले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासमवेत, आदिवासी मुलांत काम केले. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली मुलीही शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगे येत नव्हते, कारण ते गुरांमागे जात. ताराबाईंनी मुलींना दोष दिला नाही आणि पालकांना उपदेशही केला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. कडेवरचे ओझे तिने शाळेच्या दारात उतरवायचे आणि आत जायचे. गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली. शिक्षणाचे एकक एकटे मूल नसून भावंडांचा गट आहे, हे त्या दोघींनी ओळखले होते.

पुढे इतर ठिकाणी या विचाराला निश्चित तंत्राची जोड मिळाली. कोलंबियात १९७० नंतरच्या दशकात लहान ग्रामीण शाळांसाठी ‘एस्कुएला नुएव्हा’ म्हणजे ‘नवी शाळा’ ही चळवळ सुरू झाली. तिथे मुलाजवळ स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका असतात. शेतीच्या हंगामात त्याचा खाडा झाला तर परतल्यावर त्याने जिथे सोडले तिथून पुढे जायचे, नापास व्हायचे नाही. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी कार्डांची आणि पायऱ्यांची पद्धत बसविली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन कर्नाटकाने १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू केली आणि नंतर ती आपल्या सरकारी शाळांत पसरविली. म्हणजे हा केवळ आश्रमातला प्रयोग राहिलेला नाही. शेजारच्या राज्याने तो सरकारी यंत्रणेतून चालविला आहे.

महाराष्ट्राची वाट मात्र उलट दिशेने चालली आहे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपर्यंत पट असलेल्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याची कल्पना पुढे आली. त्या वेळी अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता एकत्र बसतात, ही आपल्या शिक्षणखात्याला लाज वाटावी अशी उणीव वाटते. शिक्षणहक्क कायद्याने साठपर्यंत पट असलेल्या पहिली ते पाचवीच्या शाळेला दोन शिक्षक दिले आहेत. म्हणजे बहुवर्ग अध्यापन ही कायद्यानेच गृहीत धरलेली वस्तुस्थिती आहे. असे असूनही पाठ्यपुस्तके इयत्तेप्रमाणे आणि वेळापत्रकही इयत्तेप्रमाणे! त्यातच २०२३ साली पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्याने आणली. जी मुले दुसरे सत्र फडात काढतात त्यांना ही परीक्षा काय मोजणार? मुकादमाची उचल मोजणार, मुलाची बुद्धी नव्हे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालविल्या. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. परंतु या प्रत्येक उपायात भावंडांची गाठ सुटलेली नाही. वसतिगृह मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे आणि तान्ह्याला दोन्हीकडे जागा नाही. हमी कार्ड घेऊन कर्नाटकात गेलेल्या मुलापुढे कन्नड शाळा उभी राहते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती कामगारांच्या संघटित रेट्याने झाली, हे योग्यच झाले. पण वाटाघाटींत मुख्य चर्चा झाली ती टनाच्या दराची आणि मुकादमाच्या कमिशनची. जे मूल आपल्या भावंडाला सांभाळून आईचा कोयता पुरा ठेवते त्याच्या श्रमाचा भाव कोणी विचारला नाही. खरे तर साखरेच्या दरात त्या मुलीचे बालपण फुकट मिसळलेले आहे.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, एका खोलीत सगळ्या इयत्ता बसविणे म्हणजे गरिबांना गरीब शिक्षण देणे होय. शिक्षक कमी करण्यासाठी हे केले तर आक्षेप खरा आहे आणि त्याला कडाडून विरोध केला पाहिजे. इथे मागणी आहे ती पुरेशा, प्रशिक्षित शिक्षकांची आणि त्या पद्धतीसाठी मुद्दाम तयार केलेल्या साहित्याची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फडावर शाळा नेली तर स्थलांतराला मान्यता मिळेल, असे काही निष्ठावान कार्यकर्ते मानतात. मूल गावातच राहावे, हे पहिले ध्येय असलेच पाहिजे. शिरूर कासारच्या शेतीला पाणी आणि गावात काम मिळाल्याखेरीज मूळ दुखणे हटणार नाही, हेही खरे. परंतु ते होईपर्यंत जी पिढी कोपीत वाढत आहे तिला तात्त्विक शुद्धतेपायी निरक्षर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एक इशाराही देऊन ठेवणे आवश्यक आहे. २०२० साली करोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली तेव्हा एका भ्रमणध्वनीवर तीन भावंडे आणि तोही बापाच्या खिशात, ही अनेक घरांची स्थिती होती. घर हीच शाळा, हे सूत्र शासनाला फार सोयीचे आहे; त्यातून शाळेचा खर्च वाचतो. म्हणून भावंडांच्या एकत्र शिक्षणाची मागणी करताना ती शासनाच्या जबाबदारीची मागणी आहे, हे ठासून सांगावे लागेल.

कार्यकर्त्यांनी करण्याजोगे काम स्पष्ट आहे. हंगामी वसतिगृहाला पाळणाघर आणि बालवाडी जोडली जावी, म्हणजे थोरलीला तान्ह्यामागे जावे लागणार नाही. वाडीवरची शाळा पटाच्या आकड्यावर बंद होऊ देऊ नये. बहुवर्ग अध्यापनाला शिक्षक-प्रशिक्षणात मानाचे स्थान मिळावे आणि इयत्तांऐवजी पायऱ्यांवर आधारलेले मराठी साहित्य तयार व्हावे. ते मुलाबरोबर फडावर जावे आणि त्याच्याबरोबर परत यावे. तोडणीच्या पुढच्या करारात, टनाच्या दराबरोबरच, प्रत्येक तळावर पाळणाघर व शिक्षिका ठेवण्याचे कलम कारखान्यांवर बंधनकारक व्हावे.

येत्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी शिरूर कासारच्या वाड्यांवर जाऊन यादी करावी. ती मुलांची नव्हे, भावंडांची करावी. कोणत्या घरातील कोणते मूल कोणासाठी जात आहे, हे त्या यादीत लिहिलेले असावे. ती यादी हातात असली म्हणजे पंचायत समितीच्या दारात काय मागायचे, याचा खल करीत बसावे लागणार नाही.