मिठीचा गाळ आणि ट्रकांची मोजणी

दर वर्षी मे महिन्यात मुंबईच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. 'मिठी नदीतला गाळ इतके टक्के काढला.' जून उजाडेपर्यंत हे टक्के शंभराच्या आसपास पोचतात (कधी कधी शंभराच्या पुढेही जातात!) आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये कुर्ल्याच्या क्रांतीनगरातली माणसं भांडीकुंडी उचलून पालिकेच्या शाळेत जातात.

मंडळी, हे टक्के कशाचे? तर किती टन गाळ काढायचा हे आधी ठरलेलं असतं, त्याचे. नदी किती खोल झाली, याचे नव्हेत. आमच्या धंद्यात प्रोग्रॅमरचं काम कोडच्या ओळी मोजून ठरवणारे मॅनेजर असायचे. मग लोक ओळी वाढवायचे. टनावर पैसे मिळाले की टन वाढणारच, त्यात नवल ते काय?

मे २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळावरून गुन्हा नोंदवला. आरोप सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा, आणि आरोपींत कंत्राटदारांबरोबर पालिकेचे अधिकारीही. खरंखोटं कोर्ट ठरवेल. त्याच वर्षी पालिकेने गाळ काढतानाचे व्हिडिओ सक्तीचे केले आणि ते एआयकडून तपासायला घेतले. चांगलं आहे, पण एआय फार तर ट्रक भरलेला होता का ते सांगेल. नदीचं काय झालं हे ट्रककडे बघून कसं कळणार?

त्यासाठी फार काही लागत नाही. ठरावीक अंतरावर नदीचा आडवा छेद मोजायचा, कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा. सिव्हिलचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला हेच शिकतो. दोन्ही आलेख वेबसाइटवर टाका आणि पैसे त्यातल्या फरकावर द्या. संपला विषय.

खरं तर संपत नाही. कारण खालच्या अंगाला, माहीमच्या खाडीपासून बीकेसीपर्यंत, मिठीत भरतीचं पाणी येतं. तिथे तळ कितीही खरवडा, तो खड्डा भरतीच भरून काढते, आणि पाण्याबरोबर गाळही परत येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरती. अशा वेळी पाण्याला खोलीपेक्षा पसरायला जागा लागते. ती जागा पूर्वी होती. बीकेसी उभं आहे ते मिठीकाठच्या दलदलीत भराव घालून. विमानतळाची धावपट्टी तर थेट नदीवरूनच गेली आहे.

उरलेली जागा म्हणजे खारफुटी, आणि धारावीलगतचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. हे उद्यान म्हणजे एकेकाळचं डंपिंग ग्राउंड. कचऱ्यावर माती टाकून जंगल वाढवलं आणि आज ते संरक्षित वन आहे. खारफुटीला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचं कवच आहे. तरीही नदी रुंद करायची, भिंत बांधायची, पोकलेन उतरवायला रस्ता हवा असं काही निघालं की पहिली नजर या हिरव्या पट्ट्यावर जाते. का? तर तिथे मतदार राहत नाहीत.

गाळ काढूच नका असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. क्रांतीनगरात राहणाऱ्याला परिसंस्थेवर भाषण देऊन उपयोग नाही, त्याच्या दारातला प्लास्टिकचा आणि चिखलाचा ढीग निघालाच पाहिजे. पण गाळ काढणं म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट करणं. चार दिवस बरं चालतं. क्षमता वाढते ती जागेने, आणि ती जागा आपण एकदा विकली की कुठल्याही कंत्राटात परत मिळत नाही.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली. आता विचारायला माणसं आहेत. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या वॉर्डातला नगरसेवक भेटला तर किती टन काढला हे विचारू नका. नदी किती खोल झाली आणि तिच्या काठची किती जागा मोकळी राहिली, एवढंच विचारा.

उत्तर मिळालं तर मलाही कळवा!