निसर्ग कोणाचा आणि खंड कोणाला?

गोंदिया जिल्ह्याची एका दिवसाची सहल आता जवळजवळ ठरून गेली आहे. पहाटे चोरखमाऱ्याच्या फाटकातून उघड्या जीपमध्ये बसून नागझिऱ्याच्या वनात फेरी, सोबत वनखात्याच्या यादीतील गाइड. त्यानंतर सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळचा हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा. नाहीतर दक्षिणेकडे वळून नवेगावबांधचा जलाशय आणि इटियाडोह धरण. गाइड बोट दाखवतो, पाहुणे छायाचित्रे काढतात आणि ‘निसर्गाने किती भरभरून दिले आहे’ असे उद्गार काढीत गाडीत बसतात. या दिवसाला आता रात्रीचीही जोड मिळू लागली आहे. उघड्या आकाशाखाली बसून तारे पाहणे हा जगभर पर्यटनाचा एक स्वतंत्र माल झाला आहे.

या मालाचा सर्वांत महागडा नमुना उत्तर ध्रुवाच्या परिसरात मिळतो. सूर्याकडून येणारे विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात, शंभराहून अधिक किलोमीटर उंचीवर प्राणवायूशी व नत्राशी आदळतात आणि आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलू लागतात. हा ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी पुण्या-मुंबईचा सुस्थित मध्यमवर्ग नॉर्वे-आइसलंडपर्यंत जातो. दिवसा हिमनद्या व धबधबे, रात्री प्रकाशाची प्रतीक्षा, असा त्याचा क्रम असतो. गोंदियात असा प्रकाश दिसणार नाही. परंतु विदर्भाजवळ दुसरी वस्तू आहे, ती म्हणजे अंधार. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय मान्यतेचे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून दर्जा मिळाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील पथदिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. पेंचचे अनुकरण उद्या नवेगाव-नागझिऱ्यातही होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाघ पाहण्याला, धबधब्यात भिजण्याला किंवा आकाशगंगा न्याहाळण्याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. उलट, गोंदियाच्या विडी कामगाराच्या आणि धान गिरणीतील हमालाच्या मुलांनाही हे सारे पाहण्याचा तितकाच हक्क आहे आणि आजच्या दरांत तो हक्क त्यांना बजावता येत नाही, ही पहिली तक्रार आहे. मूळ प्रश्न मालकीचा आहे. जे दाखवले जाते ते कोणी घडवले, कोणी राखले आणि ते दाखवून मिळणारा पैसा कोणाच्या हाती जातो? पर्यटनाच्या जाहिराती नेमके हेच प्रश्न झाकून ठेवतात. झाकण्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे ‘निसर्ग’.

नवेगावबांधचेच पाहा. डोंगरांच्या कुशीतील हा विस्तीर्ण जलाशय पर्यटकाला नैसर्गिक सरोवर वाटतो. वस्तुतः ‘बांध’ हा शब्द त्याच्या नावातच आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांच्या पुढाकाराने तो बांधला गेला, असे जुनी गॅझेटिअरे आणि लोकपरंपरा दोन्ही सांगतात. गोंड राजांच्या अमदानीत जो जंगल तोडून गाव वसवील, तलाव बांधील, त्याला जमिनीचे हक्क देण्याची रीत होती. त्या रीतीतून कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात हजारो तलाव उभे केले. माती वाहणारे हात अर्थात पाटलाचे नव्हते. ते गोंड, ढीवर, महार अशा कष्टकऱ्यांचे होते आणि त्यांची नावे कोणत्याही गॅझेटिअरात नाहीत. इटियाडोह तर उघडच धरण आहे. म्हणजे ज्याला निसर्गाचा चमत्कार म्हणून तिकीट लावले जाते, तो बराचसा श्रमाचा चमत्कार आहे. कचारगडची गुहा ही पर्यटकाला खडकातील पोकळी दिसते. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून लोटणाऱ्या गोंड समाजासाठी ती पारी कुपार लिंगोच्या कथेतील तीर्थ आहे.

जे घडवण्याबाबत, तेच राखण्याबाबत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ते उचितच झाले. पण त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, निस्तार हक्कांचा वाद सुरू झाला आणि गाळ काढण्याची सामूहिक शिस्त मोडली. सरकारने तलाव घेतले, तलावाची काळजी मात्र घेतली नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर स्त्रिया पाण्यात उतरून तलाव गिळणारी बेशरम मुळासकट उपटतात, माशांना खाद्य व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावतात. त्यामुळे मासे परत येतात आणि माशांमागून पक्षीही येतात. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तो कोणत्याही अभयारण्याच्या कुंपणात नव्हे, तर शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत घरटे करतो. घरट्यापायी पिकाचे नुकसान सोसणारा दोन एकरांचा शेतकरी हा या जिल्ह्याचा खरा वनरक्षक आहे. त्याचे नाव कोणत्याही माहितीपत्रकात छापले जात नाही.

आता पैशाकडे वळू. अर्थशास्त्रात ‘खंड’ या कल्पनेला जुना इतिहास आहे. रिकार्डोने १८१७ मध्ये दाखवून दिले की जमीनमालकाला मिळणारा खंड हा त्याच्या कष्टाचा मोबदला नसतो. चांगली जमीन थोडी असते आणि तिची मागणी मोठी असते, म्हणून तो मिळतो. जंगलाच्या काठावरील आलिशान रिसॉर्टला एका रात्रीचे जे भाडे मिळते, त्यात खोली, जेवण व नोकर यांचा खर्च वजा केला तर काय उरते? तीच खोली, तीच गादी गोंदिया शहरात त्या भावाने कोणी घेणार नाही. वरची रक्कम वाघाची, तलावाची आणि अंधाराची आहे. ती दुर्मीळ वस्तूवरील खंडाची रक्कम आहे. आणि वाघ, तलाव व अंधार यांपैकी एकही गोष्ट रिसॉर्टमालकाने निर्माण केलेली नाही. एकेकाळी मालगुजार निदान तलाव बांधीत असे आणि मग सारा वसूल करीत असे. हा नवा मालगुजार काही न बांधता वसुली करतो.

फाटकावरच्या शुल्काची गोष्ट वेगळी आहे, असे सांगितले जाईल. ती वेगळी आहे, पण पुरेशी वेगळी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील तरतुदीनुसार व्याघ्र प्रकल्पांसाठी प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि प्रवेशशुल्क त्यांच्याकडे जमा होते. त्यामुळे पैसा सरकारी तिजोरीत गडप होत नाही, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. तथापि प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री आणि कारभार वनाधिकाऱ्यांच्या हाती. गावाला जे मिळते ते योजनेतून मिळते. आज शिवणयंत्र, उद्या गॅसची शेगडी. योजना ही कृपा असते. कृपेचा हिशेब मागता येत नाही, हक्काचा मागता येतो.

यावर पर्यटनवाद्यांचे हुकमी उत्तर म्हणजे रोजगार. गाइड, जीपचालक, स्वयंपाकी यांना काम मिळाले नाही काय? मिळाले. परंतु कोणत्या अटींवर? गाइडला फेरीमागे पैसे मिळतात. फेरी नाही तर पैसा नाही. पावसाळ्यात साधारण तीन महिने गाभाक्षेत्राची फाटके बंद असतात आणि तेवढे दिवस त्याने काय खावे याचे उत्तर कोणाकडे नाही. ज्याच्या ठशांच्या ज्ञानावर, कानावर आणि डोळ्यांवर सारा खेळ चालतो, तो या व्यवसायातील उक्त्या मजुरीचा कामगार आहे. त्याच्या आजोबांनी ज्या वनात मोहफुले वेचली त्याच वनात तो आता पाहुण्यांना फिरवतो आणि फेरी संपल्यावर फाटकाबाहेर जातो. याला स्थानिकांचा सहभाग म्हणायचे असेल तर गिरणी कामगारालाही गिरणीचा भागीदार म्हणावे लागेल.

आणि काहींच्या वाट्याला तर हे फाटकही कायमचे बंद झाले. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर आहे. कवलेवाडा, कालीमाटी व झंकारगोंदी ही गावे वनातून उठून श्रीरामपूर येथे वसवली गेली. केंद्राच्या धोरणानुसार अशा कुटुंबाला २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपयांचे पॅकेज आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे वन, चराई, मासे, देवस्थान या साऱ्यांची एकरकमी किंमत! वाघासाठी माणसाने हलावे, हे तत्त्व क्षणभर मान्य केले तरी पुढचा प्रश्न उरतोच: माणूस हलल्यानंतर त्या जागेत जीप कशी चालते? २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभाक्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले, तेव्हा देशभर केवढा आक्रोश झाला. ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह ते पुन्हा सुरू झाले. पर्यटकाचा व्यत्यय काही आठवड्यांत दूर झाला. वनवासी मात्र गेला तो गेलाच.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो परदेशातून आणण्याचीही गरज नाही. तरीसुद्धा ध्रुवीय प्रकाशाच्या देशाकडे एक नजर टाकावी. नॉर्वेने २००५ मध्ये फिनमार्क कायदा केला आणि त्या प्रांतातील सुमारे ९५ टक्के जमीन सरकारकडून काढून एका स्थानिक संस्थेकडे दिली. तिच्या सहा सदस्यांच्या मंडळावर तीन सदस्य सामी आदिवासींच्या संसदेने नेमलेले असतात. नॉर्वे स्वर्ग नाही; फोसेन येथील पवनचक्क्यांनी सामींच्या रेनडिअर चराईचे हक्क तुडवले, असा निर्वाळा त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये द्यावा लागला. पण निदान कायद्याने मालकाचे नाव लिहिले गेले. भारतातही लडाखमधील हानले येथे मे २०२४ च्या सौर वादळात आकाशात तांबडी प्रभा टिपली गेली. तेथील आकाश-संरक्षित क्षेत्रात गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बिणी व प्रशिक्षण देण्यात आले आणि पाहुणे त्यांच्याच घरी उतरतात. आकाश दाखवणारा तेथे उपरा नाही.

गोंदियाजवळ याहून मोठे शस्त्र आहे. हा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नसल्याने पेसा कायद्याचे संरक्षण येथे नाही. म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा येथे अधिक मोलाचा ठरतो. त्याच्या आधारे शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा व मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. गोंदियाच्या देवरी भागातही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपत्ता स्वतः विकला आणि ठेकेदाराच्या हातातला नफा मजुराच्या हाती आणला. जी ग्रामसभा तेंदूचा लिलाव करू शकते, ती फाटकाचा हिशेब ठेवू शकणार नाही, असे म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या आत व भोवती सामूहिक वनहक्कांचे दावे निकाली निघाल्याखेरीज नवे फाटक, नवे रिसॉर्ट यांना परवानगी देऊ नये. प्रवेशशुल्कातील ठरावीक हिस्सा योजनेतून नव्हे, तर हक्क म्हणून ग्रामसभांच्या खात्यात जमा व्हावा आणि रिसॉर्टांवर खंडाच्या प्रमाणात अधिभार बसवावा. गाइड व जीपचालकांना किमान वेतन आणि बंद काळातील भत्ता मिळावा. तलावांतील मासेमारीचा अधिकार ढीवर सहकारी संस्थांकडे दीर्घ मुदतीने राहावा. सारसाचे घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला पिकाची भरपाई वेळेवर मिळावी. शाळकरी मुले आणि जिल्ह्यातील श्रमिक यांच्यासाठी नाममात्र दराच्या फेऱ्या राखून ठेवाव्यात. आणि रात्रीच्या आकाशासाठी गावचे दिवे मंद करायचे असतील तर तो निर्णय ग्रामसभेने घ्यावा. ज्या पाड्यांना विजेचा दिवा मिळायला दशके लागली, त्यांच्या दिव्याबाबत परस्पर ठरवण्याचा अधिकार कोणाही बाहेरच्याला नाही.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या वनातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. वाघ वाढतील, त्यांच्यामागे पाहुणे वाढतील आणि काठावरच्या गावातील गुराख्याची भीतीही वाढेल. ही भीती गावाने सोसायची आणि खंड दुसऱ्याने खायचा, ही व्यवस्था फार काळ टिकणार नाही. वनहक्कांचे दावे भरून देण्यासाठी, थकलेल्या दाव्यांचा जाब तहसील कचेरीत विचारण्यासाठी आणि गाइडांची संघटना बांधण्यासाठी समाजवादी कार्यकर्त्यांनी आता या गावांत जाऊन राहिले पाहिजे.