पोट आत जाईल, पण…

आम्ही माटुंग्याला राहतो. सायन हॉस्पिटल जवळ, केईएम आणि टाटा परळला. त्यामुळे गावाकडचं कुणी डॉक्टरांना दाखवायला मुंबईत आलं की उतरतं आमच्याकडेच. पूर्वी हृदय, किडनी, गाठ असली कारणं असायची. हल्ली अधूनमधून पुरुषमंडळी बाहेर गेल्यावर, हळू आवाजात एक वेगळाच प्रश्न येतो. ‘‘काकू, ते टमी टक म्हणतात ना, पोटाचं ऑपरेशन, ते करून घेऊ का?’’

विचारणारी साधारण पस्तीस-चाळिशीची, दोन बाळंतपणं झालेली. कुठल्यातरी लग्नात तिला कुणीतरी ‘काय गं, पुन्हा गोड बातमी?’ म्हणून टोचलेलं असतं. टोचणाऱ्याही बहुधा बायकाच बरं का! नवऱ्याची ढेरी मात्र खात्यापित्या घरचं लक्षण.

या ऑपरेशनला नाकं मुरडावीत असं मला वाटत नाही. पण पैसे भरण्याआधी पदरात काय पडणार आहे ते नीट कळायला हवं.

गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून बाजूला सरकतात. पुष्कळ जणींचे ते पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. कातडीही ताणून सैल पडते आणि अशी लोंबणारी कातडी कितीही व्यायाम केला तरी जात नाही. टमी टकमध्ये जास्तीची कातडी आणि तिच्याखालची चरबी कापून काढतात, स्नायू टाके घालून जवळ आणतात. ज्यांना खरोखर हाच त्रास आहे त्यांना फरक दिसतो. बदल्यात ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो. सिझेरियनच्या व्रणापेक्षा बराच लांब, पुढे फिकट होणारा, पण कायमचा. बाळंतपणाचे पांढरे चरे कापलेल्या कातडीवरचे तेवढे जातात, वरचे तसेच. वजनात फारसा फरक पडत नाही. आणि पुन्हा दिवस गेले तर केलेलं काम सैल पडू शकतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. पोटाची चरबी दोन थरांत असते. एक चिमटीत धरता येते ती, कातडीखालची. दुसरी आत, आतडी आणि यकृताभोवती. मधुमेह, हृदयविकार यांच्याशी जास्त संबंध या आतल्या चरबीचा आणि टमी टकमध्ये तिला हात लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण दिलं होतं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! सकाळी फाइव्ह गार्डनला चालायला गेले की मला हे आठवतं. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे, असे किती तरी जण दिसतात. त्याच २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांची मिळून नव्हे, प्रत्येकीची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढून पाहिली. तीन महिन्यांनी तपासलं तर इन्शुलिनच्या कामात सुधारणा नाही. तेव्हा आधी शिवणाच्या टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर असेल तर साखर तपासून घ्या. पोट अलीकडेच आणि भराभर वाढलं असेल तर सोनोग्राफीही. आमच्या ओळखीतल्या एकीची ‘चरबी’ गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ निघाली.

आता घरातलं. ऑपरेशननंतर काही दिवस वाकून चालावं लागतं, पोटाला नळ्या असू शकतात, पट्टा कित्येक आठवडे. साधारण दीड महिना जड उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही, सिलिंडर नाही, कडेवर मूल नाही. ‘पोळ्या कोण करणार?’ असं मी विचारलं की बहुतेकजणी हसतात. हसू नका, उत्तर द्या! शिवाय पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. टाके आणि ड्रेसिंगसाठी एसटीने वाऱ्या कराव्या लागणार असतील तर तेही आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. केवळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचे पैसे विमा कंपनी देत नाही.

आणि घरच्यांपासून लपवून तर मुळीच नको. मे २०२२ मध्ये बंगळुरूला चेतना राज ही अवघ्या २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. आईवडिलांना तिने आधी सांगितलं नव्हतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतले एम.सीएच. किंवा डीएनबी आहेत का, हे विचारायला लाजू नका. भूल कोण देणार आणि मध्यरात्री दम लागला तर आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हेही विचारा. नवऱ्याला सोबत न्या आणि उत्तरं त्याच्यासमोरच ऐका, कारण पुढचा दीड महिना कळशी त्यालाच उचलायची आहे.