दोन रुपयांची पावती

मी मास्तर. निवडणूक लागली की आमची ड्युटी लागते. 2024 च्या लोकसभेलाही लागली. तालुक्याला ट्रेनिंग झालं. सकाळपासून मशीन. बॅलट युनिटची वायर कुठं, व्हीव्हीपॅट कुठं, सील कसं मारायचं, मॉक पोल कसा घ्यायचा. दुपारी जेवणाची घाई सुरू झाल्यावर साहेबांनी माणसाची ओळख उरकली दहा मिनिटांत. कार्ड नसेल तर बारा कागदपत्रं चालतात, यादी पुस्तिकेत आहे, वाचून घ्या! कुणी वाचली? मीही नाही वाचली.

मतदानाला मी पहिला अधिकारी. यादी माझ्यापुढं, ओळख पटवायची माझ्यावर. वस्तीतली एक बाई आली. उसाच्या फडातून नुकतीच परतलेली, चेहरा उन्हानं करपलेला. कार्डावरचा फोटो कवळ्या पोरीचा. नवऱ्याच्या नावात यादीत एक काना जास्त. गावातल्या वजनदार पार्टीचा एजंट बसल्या जागेवरून बोलला, "ही ती नव्हं." झालं. मी केंद्राध्यक्षांकडं बघितलं. ते म्हणाले, "रिस्क नको." बाई काही न बोलता निघून गेली. बोलायचं मी होतं. मी पुढचं नाव पुकारलं.

घरी येऊन पुस्तक काढलं. 1961 चे निवडणूक नियम. 49-जी सांगतो, माणूस तोच आहे अशी खात्री पटली तर यादीतल्या लिखाणाच्या, छपाईच्या चुका केंद्राध्यक्षानं सोडून द्यायच्या. 'द्याव्यात' नाही, द्यायच्याच. 49-जे सांगतो, एजंटला आक्षेप घ्यायचा तर आधी दोन रुपये रोख भरावे लागतात. मग चौकशी. पुरावा आधी त्यानं द्यायचा. नाही देता आला तर बाईचं मत पडलंच पाहिजे. आक्षेप उगाच घेतला असं दिसलं तर त्याचे दोन रुपये जप्त.

त्या एजंटनं दोन रुपये काय, दोन पैसेही टाकले नाहीत. नुसतं तोंड उघडलं. त्याच्या तोंडाला गावात जी किंमत आहे तीच आम्ही सरकारी टेबलावर मान्य केली. हा काय निव्वळ अडाणीपणा म्हणायचा? वाड्यावरच्या म्हातारीच्या नावात काना जास्त असता तर मी उठून खुर्ची दिली असती.

1928 साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. घटनेच्या 326 व्या कलमात तो आला. आणि तो अडला कुठं, तर माझ्या टेबलावर, एका कान्यावर.

म्हणून म्हणतो, ट्रेनिंगात मशीन दोन तास कमी करा. जुना फोटो आणि करपलेला चेहरा समोर ठेवून आमच्याकडून ओळख पटवून घ्या. एकानं एजंट व्हायचं, एकीनं ती बाई, आणि केंद्राध्यक्षानं मोठ्यानं म्हणायचं, "आधी दोन रुपये भरा." जीभ वळायला पाहिजे त्याला. आणि वस्तीतल्या पोरांनो, तुम्ही एजंट म्हणून आत बसा, नियम खिशात घेऊन. बाहेर बूथवर चहा पीत बसू नका.

आक्षेपाच्या पैशाचं पावतीपुस्तक मतदानाच्या सामानातच असतं. त्या संध्याकाळी सामान मीच जमा केलं. पुस्तक कोरंच होतं.