मक्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवा

कुपोषित मूल तपासताना मी आईला आधी विचारतो, ‘घरात रोज काय शिजतं?’ सातपुड्यातल्या अनेक कुटुंबांचं उत्तर असतं, मक्याची भाकरी. तिने पोट भरते. पण मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. डाळ, दूध, अंडी मिळाली तर उणीव भरते. ती परवडत नसतील, तर दाण्याचाच कस महत्त्वाचा ठरतो.

हा कस ठरतो पैदासकाराच्या शेतात. तुऱ्यावर आणि कणसावर पिशव्या बांधून, त्याच झाडाचे परागकण त्यालाच देत सहा-सात पिढ्या नेल्या की ‘इनब्रेड’ वाण तयार होतो. तो खुजा, अशक्त दिसतो. पण योग्य जोडी जमली की संकरित मका जोमदार निघतो. म्हणून प्रत्येक इनब्रेडची नोंद होते: फुलोऱ्याचे दिवस, ताटाची उंची, लोळण्याचे प्रमाण, रोग, उत्पादन. याच तक्त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅनचा रकानाही नेमाने हवा, असे माझे म्हणणे आहे.

नुसता कस पाहूनही भागत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी ‘ओपेक-२’ जनुकामुळे मक्यात लायसिन वाढते, हे दाखवले. पण तो दाणा मऊ, वजनाला हलका आणि किडीला लवकर बळी पडणारा होता; शेतकऱ्यांनी तो स्वीकारला नाही. मेक्सिकोतील ‘सिमिट’ संस्थेत सुरिंदर वसल आणि इव्हांजेलिना विलेगास यांनी वर्षानुवर्षे निवड करून दाणा टणक केला. २००० मध्ये दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अल्मोड्याच्या संस्थेने एका प्रचलित संकराच्या दोन्ही इनब्रेड पालकांत हे जनुक आणून ‘विवेक क्यूपीएम-९’ हा वाण २००८ मध्ये दिला.

अडचण बाजारात आहे. कस डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे व्यापारी जादा भाव देत नाही. शेजारच्या साध्या मक्याचे पराग आले तरी तो घटतो. म्हणून गावाने एकत्र पेरणी करावी आणि सरकारने हा मका अंगणवाडीच्या आहारासाठी वाढीव दराने घ्यावा.

कोंबड्यांच्या मकायुक्त खाद्यात लायसिन वेगळे मिसळले जाते, कारण त्याशिवाय त्यांचे वजन नीट वाढत नाही. कोंबडीसाठी आपण जो हिशेब चोख ठेवतो, तो मुलासाठीही ठेवायला हवा.