आधी मीटर, मग माती

हंगाम संपल्यावर आलेली पत्रे आम्ही दिवाळीनंतर एकत्र वाचली. शाडू की पीओपी हा वाद त्यांत आहेच. पण लालबाग, परळ, दादर आणि गिरगावातल्या गणेशमूर्ती कारखानदारांनी सर्वांत जास्त शाई खर्च केली आहे ती छपरावर आणि विजेवर. शेड उभी राहिली, माती येऊन पडली, गावाहून कारागीर आले आणि मीटर मात्र आषाढ लागला तरी आला नाही, ही तक्रार इतक्या जणांनी केली आहे की या महिन्याचे हे पान तिलाच द्यायचे ठरवले.

मूळ दुखणे असे आहे. आपल्या शेडला मांडवाचे नियम लागतात. उत्सवाचे दहा-अकरा दिवस आणि त्याआधीची तयारी, एवढा काळ डोळ्यांसमोर ठेवून परवानगीची सारी पद्धत आखलेली आहे. आपण मात्र त्या पत्र्याखाली पाडव्यापासून चतुर्थीपर्यंत राबतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पाडवा १९ मार्चला आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. म्हणजे जवळजवळ सहा महिने. जिथे सहा महिने कॉम्प्रेसर चालतो, सांगाड्याचे वेल्डिंग होते, थिनरचे डबे उघडतात, रात्रपाळी असते आणि माणसे मूर्तींच्या पायाशीच झोपतात, ती जागा हंगामी कारखाना आहे. तिच्या छपराचा, वायरिंगचा आणि आगीचा विचार कारखाना म्हणूनच व्हायला हवा.

विजेला उशीर करा, असे कायदा सांगत नाही. वीज (ग्राहकांचे हक्क) नियम २०२० साली आले तेव्हा महानगरात नव्या जोडणीची मुदत ७ दिवसांची होती; २०२४ च्या दुरुस्तीने ती ३ दिवसांवर आली. पण हे दिवस मोजायचे ते अर्ज सर्व कागदांनिशी पूर्ण झाल्यावर. रस्त्यावरच्या किंवा मैदानातल्या शेडला जागेचा पुरावा म्हणजे परवानगीची प्रत, आणि परवानगीसाठी पोलीस, वाहतूक पोलीस व अग्निशमन दल यांचे अभिप्राय. परवानगीची खिडकी एक झाली, पण तिच्यामागची टेबले तेवढीच राहिली. एका वाचकाला अग्निसुरक्षेच्या पाहणीत वायरिंगचा चाचणी अहवाल मागितला गेला, आणि वीज घ्यायला गेल्यावर त्याच पाहणीचा कागद. वीज नाही म्हणून चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून वीज नाही. ऐन हंगामातले त्याचे पाच आठवडे या फेऱ्यांत गेले.

तेवढे दिवस काम थांबत नाही, थांबवून चालतही नाही. मग शेजारच्या गाळ्यातून किंवा चाळीच्या जिन्यावरून एक वायर येते. वीज कायदा २००३ चे कलम १२६ मंजूर जागेबाहेर वापरलेल्या विजेला अनधिकृत वापर मानते आणि आकारणी दुप्पट दराने होते. म्हणजे वेळेवर अर्ज करणारा मूर्तिकार नियमभंगात ढकलला जातो आणि भुर्दंड बसतो तो माणुसकीने वायर देणाऱ्या शेजाऱ्याला. ज्या उत्सवाला सरकारने जुलै २०२५ मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, त्याची मूर्ती उसन्या वायरीच्या उजेडात घडावी, याची लाज कोणाला तरी वाटली पाहिजे.

लाजेपेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. उसनी वायर बहुधा दोन तारांची असते: फेज आणि न्यूट्रल. अर्थ त्यात नसतोच. पत्र्याच्या शेडमध्ये फेज एका जागी धातूला टेकला की खांब, कैच्या, लोखंडी परांची, शिडी, सगळ्यांत करंट उतरतो. खाली ओली माती आणि अनवाणी पाय. 'आमच्याकडे एमसीबी आहे' असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. अर्थिंगचा रोध १० ओहम असला तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला पडायला तासभर घेऊ शकतो. तो तास शेडमधल्या प्रत्येकाच्या जिवावरचा आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढीशी गळती होताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. काँक्रीटच्या रस्त्यामुळे अर्थिंगची सळई मनासारखी खोल गेली नाही आणि रोध कित्येक पटींनी वाढला, तरीही तो आपले काम करतो. आपल्यासारख्यांना त्याहून उपयोगी वस्तू लोहार चाळीच्या वीज-बाजारात मिळणार नाही.

आता आपल्याच लोकांविषयी, आणि ते स्पष्ट लिहितो. आरसीसीबी बसवलेले कारखाने आहेत आणि पावसाळ्यात तो वारंवार पडतो म्हणून बायपास केलेलेही तेवढेच आहेत. तो पडतो कारण कुठेतरी गळती आहे: टेपने गुंडाळलेला जोड भिजलेला आहे किंवा कॉम्प्रेसरची वायर पत्र्याच्या कडेवर घासली आहे. गळती शोधा, आरसीसीबीला हात लावू नका. दिवे एका आरसीसीबीवर, पंखे आणि सॉकेट दुसऱ्यावर, कॉम्प्रेसर-वेल्डिंग तिसऱ्यावर ठेवले, तर एक पडल्याने परांचीवरचा माणूस अंधारात राहत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्लँड हवाच. वायर पाइपातून न्या, खिळ्यावर टांगू नका. दोन अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. त्याला दिव्याच्या वायरीवर लावणे बंद करा, स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्या. शेडच्या खांबांना अर्थच्या पट्टीने एकमेकांशी जोडा. आणि हे सगळे परवानाधारक वायरमनकडून करून त्याचा चाचणी अहवाल फायलीत ठेवा. स्वतःची फाइल अर्धी असताना अधिकाऱ्याशी भांडता येत नाही.

छपराची गोष्ट वेगळी नाही. जुलै २०२५ मध्ये महापालिकेने मांडवासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्याला १५,००० रुपये दंड ठरवला आणि ओरड झाल्यावर तो २,००० वर आणला. मंडळांचे समाधान झाले. आमचे झालेले नाही. नवा काँक्रीटचा रस्ता फोडू नये, हे आम्हाला मान्य आहे. पण खांब पुरायचा नसेल तर शेड कशाच्या जोरावर उभी करायची, याचा एकही नमुना आराखडा आमच्या हाती आलेल्या कागदांत नाही.

तो आपणच मांडू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. तात्पुरत्या बांधकामाची सवलत घेतली तरी १० बाय ३ फुटांच्या एका पत्र्यावर शे-दीडशे किलोंचा ओढा येतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या त्या पत्र्याचे स्वतःचे वजन बारा किलोंच्या आसपास असते. सुतळी, बाइंडिंग वायर आणि वर ठेवलेले दगड यांनी तो थांबत नाही. खांबांना बेस प्लेट, पायाशी चारही बाजूंनी जोडणारी चौकट, कोपऱ्यांत तिरके आधार आणि चौकटीवर घट्ट बांधलेले वजन हवे. ओल्या वाळूने भरलेले २०० लिटरचे पिंप साडेतीनशे किलोंच्या घरात जाते. २० बाय ४० फुटांच्या शेडला अशी दहा-बारा पिंपे लागतील. १९७७ साली गणेश गल्लीत २२ फुटी मूर्ती झाली तेव्हापासून आपली छपरे उंचच होत गेली. वीस फुटांच्या वर जाणाऱ्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय खांब उचलू नये. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेले. घाटकोपरचा जाहिरात फलक १३ मे २०२४ च्या वादळी वाऱ्यात कोसळून १७ जण दगावले. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, ११ जून या नेहमीच्या तारखेची वाट पाहिली नाही. मे हा आता आपला निर्धास्त महिना राहिलेला नाही.

उष्णतेचे म्हणाल, तर उघड्या पत्र्याखाली शाडूचा वरचा थर आतल्या मातीच्या आधी सुकतो आणि तडा जातो. श्रावणात उलटे: पहाटे पत्र्याला घाम सुटतो आणि थेंब ताज्या रंगावर पडतात. दोन्हींवर उपाय एकच आहे: पत्र्याखाली दोनेक इंचांची हवेची पोकळी सोडून जाळीवर ग्लासवूल, त्याखाली फॉइल, आणि कण्यावर हवा बाहेर जायला वाट. वरून पांढऱ्या चुन्याचा हात मारला तरी दुपारचा फरक कारागिराला कळतो. पण स्वस्त म्हणून थर्माकोल, फोम किंवा पत्र्याखाली दुसरी ताडपत्री लावू नका. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या छपरांतून आग पसरली आणि १४ जणांचे प्राण गेले. आपल्या शेडमध्ये तर रंग, थिनर, काथ्या आणि झोपलेली माणसे असतात. हॅलोजन काढून एलईडी लावा, आणि स्प्रेचे काम वेल्डिंगपासून पत्र्याच्या पडद्याने वेगळे करा.

महापालिकेने शाडूची माती फुकट दिली, त्याबद्दल आभार. पण शाडूला पीओपीपेक्षा सावली जास्त लागते, वारा जास्त लागतो आणि वेळही जास्त लागतो. माती हाती देऊन छप्पर आणि वीज अडवून ठेवली, तर शाडूचा आग्रह भाषणातच राहील. म्हणून आमच्या मागण्या दोनच. मूर्तिकारांच्या शेडची परवानगी मंडळांच्या मांडवांपासून वेगळी करून फाल्गुनातच द्यावी, ती चतुर्थीपर्यंत चालावी. आणि त्या अर्जाची पोच हाच जागेचा पुरावा मानून बेस्टने तात्पुरते मीटर तीन दिवसांत बसवावे; वायरिंगची चाचणी आणि अग्निशमनची पाहणी एकाच दिवशी, एकाच जागी, दोघांनी मिळून करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

आता वाचकांना. पाडव्याची वाट पाहू नका. प्रत्येक गल्लीतल्या कारखानदारांनी डिसेंबर संपायच्या आत एकत्र बसावे, एकच इंजिनिअर आणि एकच परवानाधारक वायरमन ठरवावा, खर्च वाटून घ्यावा आणि जानेवारीत सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी द्यावेत. एकेकट्याला उद्या या म्हणता येते, पंधरा जणांना म्हणताना विचार करावा लागतो. ज्येष्ठ कारखानदारांनी नव्या मुलांना मातीच्या बरोबरीने पॅनेल बोर्डही शिकवावा. आणि प्रत्येकाने तीन तारखा आम्हाला कळवाव्यात: अर्ज दिल्याची, परवानगी हाती आल्याची आणि मीटर बसल्याची. विभागवार तक्ता आम्ही दर महिन्याला याच पानावर छापू आणि तो घेऊन प्रत्येक कार्यालयात जाऊ. तुमच्या तारखा आल्या नाहीत तर आमच्या हातात फक्त तक्रार उरेल. तारखा पाठवा.