गर्दीत आपण कुठे उभे असतो?

गेल्या हिवाळ्यात दोन महिने लेकीकडे न्यू जर्सीला राहून आले. नात तिथे अकरावीत आहे. एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर एक तक्ता घेऊन बसली होती. डाव्या बाजूला 'तुरुंगाचे दार', 'गुलाबाचे झुडूप', 'जंगल', 'लाल अक्षर' आणि उजव्या बाजूला प्रत्येकाचा अर्थ. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीवर दोन दिवसांनी परीक्षा होती.

"पुस्तक वाचलंस?" मी विचारले.

"थोडंसं. फार जुनं इंग्रजी आहे गं, आजी. पण अर्थ सगळे पाठ आहेत."

मला आपल्याकडचे अपेक्षित प्रश्नसंच आठवले. सातासमुद्रापार गेले तरी परीक्षा ती परीक्षाच!

ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या हायस्कुलांत ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते आणि मुलेही पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नावाने कुरकुरत आली आहेत. मुलांना झेपत नाही, काढून टाका, असे म्हणणारे शिक्षकही तिथे आहेत. माझे मत विचाराल तर ती काढू नये. मात्र तक्ता पाठ करून घेण्यापुरतीच शिकवायची असेल, तर न शिकवलेली बरी.

गोष्ट थोडक्यात सांगते. काळ १६४० च्या दशकातला, गाव बॉस्टन. आपला धर्म आपल्या रीतीने पाळता यावा म्हणून इंग्लंड सोडून आलेल्या प्युरिटन लोकांची ही वसाहत. हेस्टर प्रिन या तरुण स्त्रीच्या नवऱ्याचा दोन वर्षे पत्ता नाही, आणि तिला मूल झाले आहे. तीन महिन्यांची मुलगी कडेवर देऊन तिला भर बाजारात चौथऱ्यावर तीन तास उभे करतात. शिवाय छातीवर लाल कापडाचे 'ए' हे अक्षर जन्मभर वागवायचे. इंग्रजीत व्यभिचाराला जो शब्द आहे त्याचे हे आद्याक्षर. पण तो शब्द हॉथॉर्नने कादंबरीत कुठेच वापरलेला नाही. मुलीचा बाप कोण, हे हेस्टर सांगत नाही. तिला तो प्रश्न विचारण्याचे काम गावाचा लाडका तरुण धर्मोपदेशक डिम्सडेल याच्यावर येते, आणि बाप तोच असतो! पुढची सात वर्षे ती आपले अक्षर उघड्यावर वागवते आणि तो आपला अपराध आत दडवून झिजत जातो.

त्या रात्री तक्ता बाजूला ठेवून आम्ही दुसरे प्रकरण मोठ्याने वाचले. हेस्टर तुरुंगाबाहेर येण्याआधी दाराशी जमलेल्या बायकांचे बोलणे त्यात आहे. एकीला शिक्षा फारच सौम्य वाटते. दुसरीच्या मते कपाळावर डाग द्यायला हवा होता. तिसरीला तर मरणाशिवाय दुसरी शिक्षाच मान्य नाही. लहान मुलाचा हात धरून उभी असलेली एक तरुणी तेवढी हळूच म्हणते, की अक्षर झाकले तरी त्याची कळ आत राहणारच.

नात वाचता वाचता थांबली. बराच वेळ पान उलटेना. मग म्हणाली, "मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. मी नाही पाठवला कोणाला. मी फक्त खाली हसणारा चेहरा टाकला."

"आणि ती मुलगी?"

"शाळा सोडून गेली."

मग मलाही गप्प राहवेना. ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी बँकेत होते. शाखेत क्लार्क म्हणून एक मुलगी नवीन लागली. थोड्याच दिवसांत तिचे नाव एका विवाहित अधिकाऱ्याशी जोडले गेले. खरे होते की खोटे, कोणी विचारले नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की तोच विषय. मी कधी काही बोलले नाही, असे मी वर्षानुवर्षे स्वतःला बजावत आले. पण हसले होते. ती टेबलाशी आली की सगळ्यांबरोबर मीही डब्याचे झाकण लावत असे. सहा महिन्यांत तिने राजीनामा दिला. पुढे साहेबांची बदली झाली, बढतीवर. त्यांच्या निरोप समारंभात आभाराचे भाषण मी केले.

"पण एकटी तीच का?" नातीने विचारले. हेस्टरबद्दल की त्या मुलीबद्दल, ते मी विचारले नाही. हाच प्रश्न आपल्याकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारला होता. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा सारा दोष बाईच्याच माथी का, म्हणून त्या संतापल्या होत्या. हे मी नातीला सांगितले. तिच्या तक्त्यात डिम्सडेलसमोर 'ढोंग' एवढेच लिहिलेले होते.

मला वाटते, ही कादंबरी शिकवायची ती गर्दीपासून. गुलाबाच्या झुडपाचा अर्थ नंतर लागेल. आधी बाजारात जमलेले लोक कोण, ते कळू द्या. ते रानटी नव्हते. याच प्युरिटनांनी १६३६ मध्ये हार्वर्डची स्थापना केली. ज्या दशकात ही गोष्ट घडते त्याच दशकात, १६४७ साली, पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा, असा कायदा त्यांनी केला. म्हणजे शिकलेली, कष्टाळू, देवाला भिणारी, मुलांची काळजी वाहणारी माणसे चौथऱ्याभोवती जमली होती. आपल्यासारखीच. हे कळले की ते लोक किती दुष्ट, म्हणून मोकळे होता येत नाही.

बऱ्याच वर्गांत कादंबरीची 'कस्टम हाउस' ही लांबलचक प्रस्तावना कंटाळवाणी म्हणून गाळतात. सगळी नको, पण त्यातली दोन-तीन पाने तरी मुलांपुढे ठेवावीत. हॉथॉर्न सेलमच्या जकात कचेरीत नोकरीला होता. १८४९ मध्ये सरकार बदलले आणि त्याची नोकरी गेली. त्या सुस्त कचेरीचे वर्णन वाचताना मला माझी एक शाखा हुबेहूब आठवली! पण महत्त्वाचे ते नव्हे. सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिले गेले. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा पूर्वज. या प्रस्तावनेत लेखक आपल्या पूर्वजांच्या कृत्यांची शरम स्वतःकडे घेतो. म्हणजे ही गोष्ट सांगणारा माणूस निवाडा करणाऱ्यांच्या घरातला आहे. हे ठाऊक असलेला विद्यार्थी पुस्तक निराळे वाचेल.

याऐवजी आर्थर मिलरचे 'द क्रूसिबल' शिकवावे, असे काही जण सुचवतात. १९५३ सालचे हे नाटक त्याच सेलमच्या खटल्यांवर आहे, भाषा सोपी आहे आणि ते जरूर शिकवावे. पण एक फरक आहे. तिथले आरोपी चेटकाच्या बाबतीत निर्दोष आहेत, आणि निर्दोषाची बाजू घेणे सोपे असते. हेस्टरने त्या समाजाचा नियम खरोखरच मोडलेला आहे. जिचे चुकले आहे तिच्याशीही माणसासारखे वागायचे, हा धडा अवघड आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना त्याचीच गरज आहे. उद्या मित्र चुकतील, ती स्वतःही चुकतील.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. तुमच्यापैकी कोणी असे केले आहे, हात वर करा, असे शिक्षकांनी चुकूनही विचारू नये. तसे झाले तर वर्गाचाच चौथरा होईल. मुलांना एक पान लिहायला सांगावे आणि ते गोळा करू नये. गुण नाहीत, सही नाही. माझ्या नातीचे पान तिने मला दाखवले नाही, मीही मागितले नाही.

शेवटही घाईने उरकू नये. डिम्सडेल त्याच चौथऱ्यावर सत्य सांगून प्राण सोडतो. हेस्टर मुलीला घेऊन समुद्रापार जाते, पण पुढे एकटीच परत येते आणि कोणी सांगितले नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. का? याचे एक उत्तर नाही. परीक्षेत हा प्रश्न घालू नये. वर्गात मात्र तासभर त्यावर भांडू द्यावे.

नातीला परीक्षेत चांगले गुण मिळाले. तक्ता पाठच होता! मी परत निघाले त्या दिवशी विमानतळावर बॅगा ठेवताना तिने विचारले, "आजी, तुमच्या बँकेतल्या त्या मुलीचं पुढे काय झालं?"

मला ठाऊक नव्हते. एवढ्या वर्षांत मी कधी चौकशीच केली नव्हती.